माहिती विकणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न, तासगावच्या द्राक्षपट्ट्यातून

मी तासगाव तालुक्यातला. आठ वर्षं एका कृषी सेवा केंद्राच्या काउंटरमागे काढली. आता दरवर्षी द्राक्ष बागायतदारांसाठी फळछाटणीची (घड धरायला करतात ती छाटणी) एक वही छापतो, छाटणीनंतर कोणत्या दिवशी काय करायचं त्याची, आणि हंगामात व्हॉट्सॲपवरून आवाजी निरोप पाठवतो. यावर घर चालतं. कसं चालतं हे विचारायला बरेच फोन येतात. कधी निवृत्त मास्तर, कधी शिवणकाम शिकवणाऱ्या ताई, तर कधी पुण्याची नोकरी सोडून आलेला विट्याचा एखादा पोरगा. प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो. उदाहरणं द्राक्षाची जास्त येतील, त्याला माझा इलाज नाही.

सगळी माहिती मोबाईलवर फुकट आहे. पैसे देऊन कोण घेणार?

पहिला प्रश्न कायम हाच. २०१६ साली जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि बांधावरचा माणूसही व्हिडिओ बघायला लागला. तेव्हा मलाही वाटलं की आपलं दुकान आता बंद. झालं उलटंच. पूर्वी माहिती मिळायची नाही. आता मिळते, पण ढिगानं. डाऊनीवर, म्हणजे केवडा रोगावर, चाळीस व्हिडिओ आहेत आणि चाळीस जण चाळीस औषधं सांगतात. त्यातला एक नाशिकचा, एक सोलापूरचा, एक तर परदेशातला. जमीन वेगळी, पाणी वेगळं, छाटणीची तारीख वेगळी.

बागायतदाराचा खरा प्रश्न असा असतो: "माझ्या बागेला छाटणीनंतरचा आज १८वा दिवस. रात्री अकराला पाऊस लागला, पहाटे थांबला. पानं ओली आहेत. ट्रॅक्टर आत घालू का थांबू? आणि घातला तर टाकीत काय घालू?" याला सकाळी सातच्या आत उत्तर पाहिजे. दहा वाजता मिळालेलं उत्तर बरोबर असलं तरी उपयोगाचं नाही.

लोक पैसे देतात ते ढिगातून निवडून दिल्याबद्दल, आणि ते वेळेवर दिल्याबद्दल. माहिती फुकटच आहे हो, निवडणं फुकट नाही. भाजी मंडईत असतेच, तरी खानावळ चालते ना?

गिऱ्हाइकाचा गट किती लहान असावा?

"शेतकरी" हा गट नव्हे. "द्राक्ष बागायतदार" हाही फार मोठा. माझी वही आहे फळछाटणीपासून काढणीपर्यंतच्या साधारण ११० ते १३० दिवसांची. ती खाण्याच्या द्राक्षासाठी वेगळी आहे आणि बेदाण्यासाठी वेगळी. तासगाव, कवठेमहांकाळ, पलूस, मिरज पूर्व भाग एवढाच तिचा मुलूख. एप्रिलच्या खरड छाटणीवर (नव्या काड्या वाढवायला करतात ती) मी काहीच विकत नाही. एकदा विकून पाहिलं होतं. त्या वेळी बागायतदाराच्या हातात पैसाही नसतो आणि धास्तीही नसते. धास्ती फळछाटणीनंतर सुरू होते. घड जिरला (वाढायच्या आधीच नाहीसा झाला), गोळी घड निघाला (न उमलता गोळाच राहिला), पोंगा अवस्थेत, म्हणजे कोंब नुकता फुटताना, पाऊस आला की झोप उडते. खरं तर घड ठरतो तो एप्रिल छाटणीनंतरच्या त्या चाळीस-साठ दिवसांत, काडीच्या डोळ्यात. जाणकार लोक कळवळून सांगतात की माहिती तेव्हा घ्या. कोणी घेत नाही. माणूस दुखायला लागल्यावरच डॉक्टरकडे जातो, यावर रागावण्यात अर्थ नाही. आपण आपलं दुकान दुखण्याच्या गल्लीत मांडायचं.

गट फार लहान झाला का, हे बघायला माझ्याकडे एक साधी कसोटी आहे. आठवड्याभरात मोटारसायकलवर फिरून या गटातली तीस माणसं तुम्हाला समोरासमोर भेटता आली पाहिजेत. ती कुठं भेटतील हे आत्ता डोळे मिटून सांगता येत नसेल, तर तुमचा गट लहान आहे असं नाही. तो तुम्हाला ठाऊकच नाही.

शेतीखेरीज आपल्याकडं असे गट आहेत का?

शेतीबाहेरच जास्त सापडतील. कोणी बघत नाही, एवढंच.

विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली मंडळी घ्या. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात हे लोक देशभर पसरले आहेत. केरळात आहेत, तमिळनाडूत आहेत, उत्तरेतही आहेत. दुकान तिकडं, घर आणि जत्रा इकडं. हॉलमार्कची सक्ती १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं आली. मग १ एप्रिल २०२३ पासून सहा आकडी-अक्षरी एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येईना. हे सगळं सरकारी इंग्रजीत. कोइमतुरात बसलेल्या आपल्या माणसाला ते सोप्या मराठीत, त्याच्या धंद्यापुरतं सांगणारं कोण आहे? मला तरी कोणी दिसलं नाही. त्यांना शोधायला कोइमतूरला जायचीही गरज नाही. गावच्या यात्रेला सगळे घरी येतात, मोटारींवर परराज्याच्या पाट्या बघा.

मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोरा विकत घेणारा माणूस बोस्टनला असतो नाहीतर बंगळूरला. दोन वर्षांनी जव्हारी (तारांखालच्या घोडीची घासून साधलेली पातळी, तिच्यावर वाद्याचा झंकार ठरतो) बिघडली की तो हवालदिल होतो, कारण तिथं ती काढून देणारा मिळत नाही. भोपळ्याला ओल कशी लागू द्यायची नाही, प्रवासात वाद्य कसं बांधायचं, जव्हारी उतरली हे कानानं कसं ओळखायचं आणि कुठपर्यंत स्वतः हात लावायचा नाही, एवढ्यावर कारागिराच्या तोंडून अर्ध्या तासाची ध्वनिफीत केली तर ती विकली जाईल. गट जगभर विखुरलेला आहे, पण पत्ते सगळे त्या एका गल्लीतल्या वह्यांत आहेत. फक्त कारागिराला वाटा द्या. विद्या त्याची आहे, मायक्रोफोन तुमचा.

साताऱ्याकडं जा. अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे, घरटी फौजी. माजी सैनिकांचं पेन्शन आता 'स्पर्श' या ऑनलाइन व्यवस्थेत गेलं, हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो, आणि सत्तर वर्षांच्या वीरपत्नीला पासवर्ड मागतात. इथं मोठ्या अक्षरातली, चित्रांची सोळा पानी पुस्तिका चालेल. पण एक सांगतो, सरकारी अर्ज फुकट असतात. ते छापून विकू नका. अर्ज कसा भरायचा आणि अडकला तर कोणत्या खिडकीवर काय बोलायचं, ते विका.

महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी, कोरेगाव भागातलं आलं, सांगलीची हळद, हे तुम्ही स्वतः जोडून घ्या.

हे ऑनलाइनचं नवं फॅड आहे, दोन वर्षांत उतरेल, असं घरचे म्हणतात.

घरच्यांना पलूसशेजारच्या किर्लोस्करवाडीला घेऊन जा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली तिथं कारखाना हलवला. लोखंडी नांगर विकायचा होता आणि लोखंडानं जमीन नासते असा तेव्हाचा समज होता. नांगराच्या आधी माहिती विकावी लागणार होती. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे कारखान्याचं पत्रक सुरू केलं. त्याचं पुढं 'किर्लोस्कर' मासिक झालं, १९३० साली 'स्त्री' निघालं, १९३४ साली 'मनोहर'. नांगराच्या कारखान्याच्या पोटातून मराठी मध्यमवर्गाची तीन मासिकं निघाली, आणि तीही सांगली जिल्ह्यातल्या माळावरून. त्यांच्याकडं रेल्वे स्टेशन होतं, आपल्याकडं मोबाईल आहे, एवढाच फरक.

आधी वस्तू बनवू की आधी गिऱ्हाईक शोधू?

गिऱ्हाईक. पण हे मी शहाणपणानं शिकलो नाही, मार खाऊन शिकलो.

पहिली वही मी २०१९ च्या हंगामासाठी काढली. दिवसवार वेळापत्रक, कागद चांगला, मुखपृष्ठावर सोनाका जातीच्या द्राक्षाचा घड. काउंटरवर आठ वर्षं लोकांचं ऐकलेलं, त्यामुळं मला सगळं येतं असा माझा समज होता. त्या साली ऑगस्टला कृष्णेला महापूर आला. पुढं ऑक्टोबर सरता सरता अरबी समुद्रात 'क्यार' आणि मागोमाग 'महा' ही वादळं झाली, आणि नोव्हेंबर उजाडला तरी पाऊस हटेना. बागा फुलोऱ्यात. माझ्या वहीत ३८व्या दिवशी काय, ४२व्या दिवशी काय, सगळं कोरड्या हवेचं. मणेराजुरीच्या एका अण्णांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. म्हणाले, "बाकी सगळं हाय ओ तुमच्या वहीत. पाऊस तेवढा न्हाई."

त्या दिवसापासून माझ्या वहीत प्रत्येक दिवसाला दोन रकाने आहेत, कोरडा आणि ओला. ओल्या रकान्यात पानं किती तास ओली राहिली तर काय करायचं, ते. आज लोक वही मागताना "ती ओल्या रकान्याची" म्हणूनच मागतात. ही कल्पना माझी नव्हे, अण्णांची आहे. छापण्याआधी दहा बागांत जाऊन कच्चे कागद दाखवले असते, तर ती त्यांनी आधीच दिली असती आणि छपाईचा खर्च वाचला असता.

म्हणून सांगतो, पहिल्या हंगामात काही छापूच नका. पंधरा जण घ्या, थोडे पैसे घ्या (फुकट नको, फुकटातला माणूस चूक सांगत नाही), आणि रोज त्यांच्या प्रश्नांची उत्तरं आवाजी निरोपानं द्या. हंगाम संपला की प्रश्न वहीत उतरवा. तुमचं पुस्तक तयार आहे, अनुक्रमणिकेसकट.

मी तज्ज्ञ नाही. मला कोण विचारणार?

मीही नाही. पुण्याजवळ मांजरी गावात राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तज्ज्ञ तिथं बसतात, आणि मी ते लपवत नाही. माझं काम हमालाचं आहे. तिथली शिफारस उचलायची, आमच्या भागातल्या पाच बागांत तिचं काय झालं ते बघायचं आणि बागायतदाराच्या दारात उतरवायची. "मी शास्त्रज्ञ नाही, मी बघून सांगतो" असं पहिल्या पानावर लिहिलंय. त्यानं विक्री कमी झाली नाही.

भाषा कशी ठेवावी? प्रमाण मराठी की गावाकडची?

गटाचे शब्द वापरा. बागायतदार "माल सुटला का" विचारतो, तुम्ही "पुष्पगुच्छाचे उद्भवन" लिहिलंत की वही मिटली. त्यानं घेतलेले इंग्रजी शब्दही त्याचेच आहेत. डिपिंग, थिनिंग, पेस्टिंग, सबकेन. त्यांचं भाषांतर करत बसू नका, त्याला कळायचं नाही. उलट मुद्दाम गावरान बोलण्याचं सोंगही नको. ते तर पहिल्या वाक्यात ओळखतात.

माझ्या बायकोनं एक गोष्ट हेरली. वही विकत घेतो बाप, वाचतो मुलगा किंवा सून, आणि आवाजी निरोप ऐकतो आजा. म्हणून निरोप दोन मिनिटांच्या वर जाऊ देत नाही, आणि तारीख आणि दिवस पहिल्याच वाक्यात येतो. सुनेनं मागाहून वहीत खूण करावी म्हणून पान क्रमांक शेवटी.

किंमत किती ठेवू?

कागदाच्या खर्चावरून किंमत काढू नका. गिऱ्हाइकाच्या एका चुकीची किंमत काढा. एकरी एक फवारणी वाया गेली तर औषध, डिझेल, मजुरी मिळून किती गेले? ते त्याला तोंडपाठ असतं. तुमच्या वहीची किंमत त्या आकड्याच्या पुष्कळ खाली असली की तो घासाघीस करत नाही.

माझी वही ३५० रुपयांना. हंगामी निरोप १,२०० रुपयांना, त्यात वही आलीच. बागेत प्रत्यक्ष येणं वेगळं, आणि ते मी फारसं करत नाही, कारण एकदा बागेत गेलो की चहा, मग पोहे, मग शेजाऱ्याची बाग, आणि दिवस गेला.

हिशोब सांगतो. समजा १,२०० रुपये देणारी फक्त २०० माणसं आहेत. २,४०,००० रुपये झाले. ही दोनशे माणसं दोन तालुक्यांत मावतात. दोन लाख लोकांनी बघितलेल्या मोफत व्हिडिओतून एवढे मिळायची खात्री कोण देतो? लहान गटात पैसा नाही, असं म्हणणाऱ्यानं गुणाकार केलेला नसतो.

पन्नास-शंभर रुपयांची वस्तू मात्र काढू नका. तेवढ्या पैशात माणूस घेतो आणि ट्रॅक्टरच्या सीटखाली टाकतो.

व्हॉट्सॲप ग्रुप काढू की ब्रॉडकास्ट?

ग्रुपमध्ये सध्या १,०२४ माणसं बसतात. ब्रॉडकास्ट यादीत (एकच निरोप प्रत्येकाला वेगळा जातो, लोक एकमेकांना दिसत नाहीत) २५६, आणि त्यातही ज्यानं तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलाय त्यालाच निरोप जातो. ही अडचण वाटते, पण मी तिला चाळणी समजतो. नंबर साठवण्याइतकी ज्याला गरज नाही, तो आपलं गिऱ्हाईक नाही.

ग्रुप मी दोन हंगाम चालवला. पहाटे सुप्रभात, दुपारी बाजारभावाचा जुना कागद, संध्याकाळी राजकारण. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन भाऊबंद माझ्याच ग्रुपवर भांडले आणि दोघांनी पैसे परत मागितले. तेव्हापासून ब्रॉडकास्ट. ग्रुपचा एकच फायदा होता, लोक एकमेकांना बागेचे फोटो दाखवायचे. तो फायदा मोठा होता, नाही म्हणत नाही.

परवानगीशिवाय कोणाला यादीत घालू नका. औषध दुकानातून किंवा कुठल्या मेळाव्यातून नंबरांची यादी विकत मिळते, ती घेऊ नका. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झालाय, तो आहेच. पण त्याहून जवळचं कारण असं की इथं सगळे एकमेकांचे पाहुणे आहेत. "नंबर कुणी दिला?" हा प्रश्न संध्याकाळपर्यंत तीन गावं फिरतो.

जाहिरात कुठे करू?

जिथं तो माणूस आधीच त्या विषयावर बोलत उभा असतो तिथं. माझ्यासाठी तासगावच्या आणि सांगलीच्या बाजार समितीतले बेदाण्याचे सौदे. सौद्याच्या दिवशी माल लावून लोक थांबलेले असतात, हातात वेळ असतो आणि डोक्यात एकच विषय: यंदा रंग का उतरला, त्याच्या मालाला मला मिळाला त्यापेक्षा जास्त दर का. त्या वेळी वहीचं एक पान हातात दिलं, तर तो वाचतो. पूर्ण पत्रक नव्हे हं, वहीतलंच एक कामाचं पान. खाली फोन नंबर, बस.

याच्या उलट अनुभव. गणेशोत्सवात तासगावच्या रथोत्सवाला दोन हजार पत्रकं वाटली होती. गर्दी अफाट, रथाच्या दोरीला हात लावायला माणूस माणसाला ढकलतोय. दुसऱ्या दिवशी माझी पत्रकं रस्त्यावर गुलालात माखलेली मीच पाहिली. गर्दी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे, एवढं मला दोन हजार कागदांत कळलं.

फेसबुकवर पैसे भरून जाहिरात देता येते आणि ठरावीक परिसरापुरती दाखवताही येते. छाटणीच्या आधीचे पंधरा दिवस देतो, तेवढीच. बाकी वर्षभर मी काहीही विकत नाही. आठवड्याला एखादा फोटो टाकतो, पानावरचा डाग, आणि विचारतो, हे डाऊनी आहे की करपा? खाली लोक वाद घालतात. त्या वादातली चार माणसं पुढच्या हंगामात गिऱ्हाईक होतात.

कृषी सेवा केंद्रात वही विकायला ठेवू का? कमिशन?

ठेवा. कमिशन द्या, राजीखुशीनं द्या. पण दुकानदार आज ना उद्या म्हणणार, "आमच्या अमुक कंपनीचं नाव घाला की आत." तिथं थांबायचं. मी औषधाच्या घटकाचं नाव लिहितो, कंपनीचं कधीच नाही. एका कंपनीच्या माणसानं मुखपृष्ठाच्या आतलं पान विकत मागितलं होतं, छपाईचा सगळा खर्च निघत होता. दोन रात्री झोप लागली नाही, खोटं कशाला बोलू. नाही म्हणालो, कारण बागायतदार पहिल्यांदा आतलं पानच उलगडून बघतो: ही वही कुणाची? उत्तरात कंपनी दिसली की ती वही राहत नाही, कॅटलॉग होतो. तो तर फुकट मिळतो.

लोक पीडीएफ पुढं पाठवतात. काय करू?

पाठवणारच. कायदा तुमच्या बाजूनं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं लेखन तुमचं होतं ते लिहिल्याक्षणी, नोंदणीची सक्ती नाही, आणि लेखकामागं ६० वर्षं तो हक्क टिकतो. पण तो हक्क तुमच्या मांडणीवर आहे, माहितीवर नाही. "१८व्या दिवशी पाऊस झाला तर हे करा" यातली गोष्ट कोणीही स्वतःच्या शब्दांत सांगू शकतो. आणि भाचीच्या सासऱ्यावर दावा कोण लावणार?

मी तीन गोष्टी करतो. चालू हंगामाची पीडीएफ काढतच नाही, छापील वही फक्त. गेल्या वर्षीची वही मीच फुकट सोडतो, प्रत्येक पानावर वर्ष मोठ्या अक्षरात घालून. ती फिरते आणि नव्याची जाहिरात करते. तिसरं म्हणजे निरोप आज सकाळचा असतो, तो उद्या पुढं पाठवून कोणाला काही मिळत नाही. शिळी भाकरी चोरीला जात नाही.

माहितीत चूक झाली तर?

होणार, तयारीत राहा. एका वर्षी छापताना एका बुरशीनाशकाचं प्रमाण 'प्रति लिटर २ ग्रॅम' ऐवजी २० छापलं गेलं. मुद्रित मीच तपासलं होतं, छापखान्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता. वाटून झालेल्या वह्या होत्या. दोन दिवस फोन केले, प्रत्येकाला. बायको, मेहुणा, मी, तिघे तीन फोनवर. मग दुरुस्तीची चिकटपट्टी छापून पोहोचवली. एकाचंही नुकसान झालं नाही, कारण वीस ग्रॅम बघूनच जुने लोक हसले होते. पण एखादा नवखा असता तर? आता औषधाच्या मात्रेचं प्रत्येक पान तिसरा माणूस मोठ्यानं वाचतो आणि मी मूळ कागदावर बोट ठेवतो.

औषधांच्या बाबतीत आणखी. लेबलवर ज्या पिकासाठी, ज्या रोगासाठी मान्यता आहे त्यापलीकडं जाऊन काही सुचवू नका, आणि काढणीआधी किती दिवस फवारणी बंद ठेवायची तो आकडा मात्रेच्या शेजारीच छापा, तळटीपेत नको. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या औषधाचे, म्हणजे आपल्या बोलीत सीसीसीचे, अंश सापडले आणि माल अडकला. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना एक आकडा किती महाग पडतो हे सांगावं लागत नाही.

आणि "हमखास उत्पादन", "एकरी इतके टन नक्की" हे शब्द वापरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला दंड आहे. हाच नियम आरोग्यावर किंवा शेअर बाजारावर माहिती विकणाऱ्यांनी दुप्पट कडक पाळावा. शेअर घ्या-विका असा सल्ला पैसे घेऊन द्यायचा तर सेबीची नोंदणी लागते. त्या वाटेला न गेलेलं बरं.

जीएसटी, आयएसबीएन वगैरे?

छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ऑनलाइन शिकवणी, सल्ला ही सेवा झाली, तिच्यावर सहसा १८ टक्के, पण वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणीच लागत नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय संस्थेकडून ऑनलाइन आणि फुकट मिळतो. त्यासाठी पैसे मागणारा भेटला तर नमस्कार करा. बाकी तुमच्या सीएला विचारा, मी विचारतो.

पैसे परत मागितले तर?

द्यायचे, कारण न विचारता. मी दिलेत. त्यातले दोघे पुढच्या साली परत आले, एक नाही आला.

उधारी?

वहीची नाही. निरोपाची मात्र अर्धी आता, अर्धी माल निघाल्यावर. द्राक्षाचा पैसा व्यापाऱ्याकडून कधी येईल हे त्यालाच माहीत नसतं, बेदाणा तर कोल्ड स्टोअरेजमध्ये दराची वाट बघत पडून असतो. त्याच्या पैशाच्या वेळापत्रकाशी आपलं जुळवावं लागतं. बुडालेत का? बुडालेत. व्यापारी पेटीचे पैसे बुडवून पळाला, तेव्हा बागायतदाराकडं मी कोणत्या तोंडानं मागणार होतो.

दुसऱ्या वर्षी तीच माणसं परत घेतात का? वहीत नवीन काय असतं?

लहान गटात नवी गिऱ्हाइकं लवकर संपतात, त्यामुळं धंदा परत येणाऱ्यांवरच उभा असतो. नवीन काय द्यायचं हे मला घरी बसून सुचत नाही, म्हणून एक पद्धत पाडलीय. वहीत उजवीकडचं पान कोरं असतं. बागायतदार तिथं आपलं लिहितो, कोणत्या दिवशी पाऊस, काय मारलं, काय झालं. हंगाम संपल्यावर ती भरलेली वही आणून दिली की नव्या वहीवर ५० रुपये सूट. त्या जुन्या वह्या म्हणजे माझं सगळं भांडवल. मे महिन्यात पंख्याखाली बसून वाचतो. कोणाची वही डिसेंबरातच कोरी पडते, तिथं बाग गेली हे कळतं. कोणाच्या पानावर औषधाच्या डागांशेजारी पोरीच्या लग्नाचा खर्च मांडलेला असतो.

यंदा सावळजच्या एका आबांनी वही द्यायला नकार दिला. छातीशी धरून म्हणाले, "पन्नास रुपयांत माझं वरीस देऊ व्हय तुला?" मी नवी वही त्यांना तशीच दिली, आणि त्यांच्या सोप्यात बसून दोन दिवस त्यांची जुनी उतरून घेतली. ते शेजारी बसून सांगत होते, कुठं खोटं लिहिलंय ते.